फुकटचा संगणक, फुकटचे मांजर

आमच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. संगणकाच्या डब्यावर हे मांजर का झोपले आहे, हा पहिला. आणि या संगणकात विंडोज का दिसत नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. डबा गरम असतो आणि मांजराला ऊब लागते. दुसऱ्याचे उत्तर देताना चहा थंड होतो. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकावे, असे ठरवले.

दोन्ही वस्तू आमच्या घरात किंमत न मोजता आल्या. मांजर पावसाळ्यात जिन्याखाली भिजत बसलेले सापडले आणि संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली इंटरनेटवरून उतरवून घेतली. अम्मी दोघांकडे बोट दाखवून म्हणतात, "फुकट आले आणि घरभर पसरले." त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही.

संगणक मात्र फुकट नव्हता. घरातल्या दोन मुलांचा अभ्यास आणि शाळेच्या उर्दू-मराठी प्रश्नपत्रिका यांसाठी एक टेबलावरचा संगणक हवा होता. एका कार्यालयाने काढून टाकलेला, दहा वर्षांपूर्वीचा, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा संगणक दुकानात साडेसहा हजारांना मिळाला. आठ जीबी रॅम त्यात होती. जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली. इथपर्यंत सगळे ठीक झाले.

दुकानदाराने डबा पुसला आणि सहज सांगितले, "पाचशे द्या. विंडोज आणि ऑफिस दोन्ही क्रॅक करून टाकून देतो. आयुष्यभर बघायला नको." त्याच्या आवाजात काही चोरटेपणा नव्हता. झेरॉक्स काढून देतो म्हणावे, तसे तो म्हणाला. आपल्या गावोगावच्या दुकानांत हे असेच चालते, आणि घेणाऱ्यालाही त्यात काही वाटत नाही.

आम्ही नको म्हणालो. त्यावर मोठ्या मुलाने घरी आल्यावर विचारले, "लावला असता तर कोणाला कळले असते?"

या प्रश्नाचे उत्तर टाळता येत नाही. दुकानातून साबणाची वडी उचलणे आणि सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरणे यांत फरक आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. वडी उचलली तर दुकानदाराची एक वडी कमी होते, प्रत काढली तर मूळ वस्तू जागच्या जागी राहते, हा त्यांचा युक्तिवाद. जुन्या काळातल्या काही उलेमांनीही लेखन-प्रकाशनाच्या हक्काला मालमत्ता मानायला नकार दिला होता. पण काळाबरोबर बहुतेकांचे मत बदलले. मुस्लिम देशांच्या संघटनेची जेद्दाहची आंतरराष्ट्रीय फिकह अकादमी १९८८ च्या डिसेंबरात कुवेतला भरली होती. तेथे तिने स्पष्ट ठराव केला की व्यापारी नाव, लेखन, शोध यांवरचे हक्क हे शरियतच्या दृष्टीने जपले जाणारे हक्क आहेत आणि त्यांचे उल्लंघन जायज नाही. पाकिस्तानचे मुफ्ती तकी उस्मानी यांनीही याच बाजूने लिहिले आहे.

फिकहचा हा भाग मुलाला आम्ही थोडक्यात सांगितला. पटवायला दुसरीच गोष्ट कामी आली. सातवीच्या चाचणीत आम्ही 'अमानतदारी' या शब्दावर पाच ओळी लिहायला सांगतो. ती प्रश्नपत्रिकाच चोरीच्या प्रतीवर टाइप करायची? तो हसला, पण पुढे काही बोलला नाही.

मग रीतसर विंडोज विकत का घेतले नाही? दोन अडचणी होत्या. एक म्हणजे परवान्याची किंमत जुन्या संगणकाच्या किमतीपेक्षा जास्त होती. दुसरी अडचण त्याहून मोठी. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी करणाऱ्यांना घरगुती वापरासाठी एक वर्षाची जादा मुदत दिली गेली, एवढेच. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि साधारण आठव्या पिढीच्या पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या हिशेबी म्हातारे. असे लाखो संगणक भंगारात जाण्याच्या वाटेवर आहेत. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपण ताटातल्या उरलेल्या भातापुरती मानतो. तिचा हाही एक प्रकार आहे.

लिनक्स म्हणजे काय

संगणक चालू झाल्यावर जी प्रणाली पडदा, कीबोर्ड, प्रिंटर आणि फायली यांना एकत्र बांधते, ती विंडोजच असली पाहिजे असे नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी पूर्ण प्रणाली तयार करायची, हा त्यामागचा हेतू. तिचा बराचसा भाग तयार झाला, पण गाभा अपुरा राहिला. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौस म्हणून असा एक गाभा लिहीत आहोत, असे जाहीर केले. पुढच्याच वर्षी त्याने तो ग्नूच्या परवान्याखाली सर्वांना खुला केला. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही हाच गाभा आहे. म्हणजे वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी लिनक्स आधीच आलेले आहे, फक्त ओळख झालेली नाही.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, त्यामुळे स्टॉलमन यांना आयुष्यभर खुलासा करावा लागला की आपण किमतीबद्दल नव्हे, स्वातंत्र्याबद्दल बोलतो आहोत. आपल्या दोन्ही भाषांना ही अडचण नाही. उर्दूत 'मुफ्त' वेगळे आणि 'आजाद' वेगळे. मराठीत 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. लिनक्स मुक्त आहे. बहुतेक वेळा फुकटही मिळते, पण तो दुय्यम भाग. एक प्रत घ्या, दहा घरांत टाका, परवानाच तशी मुभा देतो. दुकानदाराच्या क्रॅकमधले आणि यातले अंतर एवढेच आहे की इथे मालकाने स्वतः दार उघडून ठेवले आहे.

लिनक्सचे शेकडो अवतार आहेत. नव्या माणसाला त्यांत गोंधळायला होते, आणि शौकीन मंडळी कोणता श्रेष्ठ यावर तासन्‌तास वाद घालतात. त्यात पडू नये. आम्ही 'लिनक्स मिंट' घेतले. २००६ पासून ते निघते. त्याचा चेहरा विंडोजसारखा, खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. किमान दोन जीबी रॅमवर चालते, चार असेल तर बरे. आमच्याकडच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्ती मिळणार आहे. आपल्याकडे सीडॅकने 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली काढली आहे, तीही लिनक्सच. केरळने तर सरकारी शाळांतले संगणक शिक्षण कधीच लिनक्सवर नेले, तिथली मुले दहावीची आयटीची परीक्षा त्यावरच देतात. महाराष्ट्रातल्या शिक्षकांसाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. आमची सुरुवात त्याच धड्यांपासून झाली.

टाकण्याआधी वापरून पाहता येते, ही मिंटची मोठी सोय. पेन ड्राइव्हवर प्रत तयार करायची आणि त्यावरूनच संगणक सुरू करायचा. आतल्या डिस्कला हातही लागत नाही. इंटरनेट चालते का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का, हे तासाभरात कळते. पटले तर डिस्कवर टाकायचे, नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. लग्नाआधी चौकशी करतात तशी ही चौकशी, आणि ती जरूर करावी.

उर्दूची प्रश्नपत्रिका

आमचा खरा कस लागला तो उर्दूत. मराठी टाइप करणे सोपे गेले. कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट आहे, तेच वापरले. मात्र शाळेत वर्षानुवर्षे कृतिदेव आणि श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फायली उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण ते फाँट युनिकोड नाहीत. त्या फायली परिवर्तकातून काढून, पुन्हा वाचून दुरुस्त कराव्या लागल्या. हे काम लिनक्समुळे वाढले असे आम्ही म्हणणार नाही. आज ना उद्या ते करायचेच होते.

उर्दूचे दुखणे वेगळे. आपली मुले बालभारतीच्या पुस्तकांत नस्तालीक वाचतात. त्यात अक्षरे वरून खाली तिरपी उतरतात, आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येकाचा आकार बदलतो. अरबी पुस्तकांतल्या नस्ख वळणात उर्दू छापली तर मोठे लोक वाचतात, तिसरी-चौथीची मुले अडखळतात. नस्तालीक यंत्रावर आणणे इतके अवघड होते की उर्दू वृत्तपत्रे कितीतरी काळ कातिबांच्या हातानेच लिहिली जात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती स्वतः रेखून 'नूरी नस्तालीक' १९८१ साली यंत्रावर आणली, तेव्हा कुठे चित्र पालटले. नंतर १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने 'इनपेज' काढले, आणि उर्दूची सगळी दुनिया त्यावर गेली. इनपेजने उर्दूवर उपकार केले यात शंका नाही. पण ते विंडोजसाठी आहे, त्याच्या जुन्या फायली दुसरीकडे उघडत नाहीत, आणि आमच्या पाहण्यातल्या बहुतेक प्रती विकत घेतलेल्या नाहीत. उर्दूची सेवा करणाऱ्यांनी उर्दूसाठी राबणाऱ्या कंपनीचेच पैसे बुडवावेत, हे आम्हाला नेहमी खटकत आले आहे.

लिनक्सवर आम्ही लिबरऑफिस वापरतो. त्याच्या भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स लेआउट'ची खूण केली की वर दोन बाणांची चिन्हे येतात. एक डावीकडून लिहिण्याचे, दुसरे उजवीकडून. फाँट 'नोटो नस्तालीक उर्दू' घेतला, तो मुक्त परवान्याचा आहे. दिसतो सुंदर, पण दोन ओळींमध्ये इतकी जागा घेतो की एका पानाची प्रश्नपत्रिका दोन पानांवर जाते. ओळींचे अंतर फार आवळले तर वरच्या ओळीचे नुक्ते कापले जातात. थोडे थोडे कमी करत योग्य जागी थांबावे लागते. 'जमील नूरी नस्तालीक'मध्ये ही तक्रार कमी आहे, तो जोडाकृतींचा फाँट असल्यामुळे ओळी सरळ बसतात. टाइप करायला उर्दू फोनेटिक कीबोर्ड ठेवला आहे, ब च्या कळीवर बे, प च्या कळीवर पे, मुलांनाही दोन दिवसांत जमतो.

त्याहून अवघड म्हणजे एकाच पानावर दोन्ही लिपी. 'पुढील वाक्यांचा मराठीत अनुवाद करा' असा प्रश्न उर्दूत, वाक्ये उर्दूत, गुण कंसात आणि नमुना मराठीत. कंस उलटे पडतात, प्रश्नाचा क्रमांक ओळीच्या भलत्या टोकाला जातो. यावर आमचा उपाय साधा आहे. दोन रकान्यांचे कोष्टक करायचे, उजवा रकाना उर्दूचा आणि डावा मराठीचा, आणि शेवटी कोष्टकाच्या रेषा अदृश्य करायच्या. मग पीडीएफ करून झेरॉक्सवाल्याला द्यायचे. पीडीएफमध्ये फाँट आतच राहतो, त्यामुळे त्याच्याकडे काय आहे आणि काय नाही याची फिकीर उरत नाही. पहिली घटक चाचणी अशी छापून आली तेव्हा सहकारी शिक्षकांनी विचारले, इनपेज कुठले टाकले? इनपेज नाही म्हटल्यावर त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला.

शाळेची बाकीची कामे, शालार्थ, यू-डायस प्लस, ब्राउझरमधून होतात, तेथे काही अडले नाही. अडले ते इतरत्र. मोठ्या मुलाचा एक आवडता खेळ लिनक्सवर चालत नाही. एका जुन्या प्रिंटरने आठवडाभर छळले. फोटोशॉप शिकायचे म्हणणाऱ्या भाचीला आम्ही लिनक्स सुचवले नाही. जिथे काम अडते तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००७ मध्ये 'उबंटू मुस्लिम एडिशन' नावाचा एक अवतार निघाला होता, पुढे त्याचे नाव 'सबीली' झाले. त्यात नमाजच्या वेळा सांगणारे 'मिनबर' आणि कुरआनच्या अभ्यासाचे 'जिक्र' ही दोन सॉफ्टवेअर तयारच असत. २०११ नंतर ते काम थांबले. स्वयंसेवक कमी पडले की अशी कामे थांबतात. उलट २००७ मध्येच सुरू झालेला 'तंजील' हा प्रकल्प आजही चालू आहे. कुरआनचा अचूक, तपासलेला युनिकोड मजकूर तो सर्वांना मोफत देतो, पण त्यात फेरफार करायचा नाही अशी अट आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बदलण्याची मुभा हाच पाया, आणि इथे बदल न करण्याची अट. आम्हाला दोन्ही आपापल्या जागी योग्य वाटते.

डब्यावरची शक्कर

आता मांजराकडे येऊ. धाकट्या मुलीने तिचे नाव 'शक्कर' ठेवले. नंतर आम्हाला कळले की मांजराला गोड चवच कळत नाही. ती चव ओळखणारे जनुक त्यांच्यात निकामी असते. नाव तेच राहिले.

आपल्या समाजात मांजराला मान आहे, पण त्या मानाभोवती ऐकीव गोष्टीही पुष्कळ जमल्या आहेत. प्रेषितांच्या (स.) बाहीवर झोपलेल्या मांजरीसाठी त्यांनी बाही कापली, ही कथा सर्वत्र फिरते, पण हदीसच्या ग्रंथांत ती नाही. तिची गरजही नाही, कारण जे ग्रंथांत आहे तेच पुरेसे आहे. हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करत असता मांजर पाणी प्यायला आली, तेव्हा त्यांनी भांडे तिच्यासाठी तिरपे धरले. सून कबशा आश्चर्याने पाहू लागली. त्यावर त्यांनी प्रेषितांच्या (स.) हवाल्याने सांगितले की मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभोवती सतत वावरणाऱ्यांपैकी आहे. ही हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी दोन्हींत आहे. आणि बुखारी-मुस्लिममधली ती स्त्री, जिने मांजर कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खायलाही सोडले नाही, तिचा शेवट काय झाला हे सर्वांना ठाऊक आहे.

तरी अम्मींचा एक आक्षेप खरा होता. आम्ही कोकणातले, आमच्याकडे शाफई फिकह. हनफी मताप्रमाणे मांजराचा केस पाक आहे. शाफई मताप्रमाणे, ज्या प्राण्याचे मांस खाल्ले जात नाही त्याचा जिवंतपणी गळालेला केस नापाक धरतात. मग मुसल्ल्यावर शक्करचे केस पडले तर नमाजचे काय? मौलानासाहेबांना विचारले. त्यांनी सांगितले, थोडे केस माफ आहेत, आणि ज्याच्या घरी मांजर वावरते त्याला त्यात अधिक सवलत आहे, पण झाडून घेण्याचा कंटाळा करू नका. तेव्हापासून मुसल्ले कपाटात घडी करून ठेवतो आणि दाराजवळ कपड्यांचा ब्रश टांगला आहे. अम्मींच्या माहेरी भाताच्या कणगीजवळ पाच-सहा मांजरे असत, उंदरांसाठी. ती घरात नसत, ओटीवर असत, हा फरक त्या आवर्जून सांगतात. मात्र २०२३ च्या रमजानमध्ये अल्जेरियाचे इमाम वलीद मेहसास तरावीह पढवत असताना मांजर त्यांच्या खांद्यावर चढली आणि ते शांतपणे किराअत करत राहिले, ती चित्रफीत त्यांनी स्वतः चार वेळा पाहिली.

संगणक आणि मांजर यांचे एकमेकांशी जमते, पण संगणकाला त्याची किंमत मोजावी लागते. मांजराच्या अंगाचे तापमान ३८ ते ३९ अंश असते, दिवसाचे बारा ते सोळा तास ती झोपते, आणि झोपायला गरम जागा शोधते. डब्याच्या वरची जाळी ही शक्करच्या मते तिच्यासाठीच केलेली आहे. तिचे केस त्या जाळीतून पंख्यात जातात, प्रोसेसरच्या पंख्याखाली नमदा तयार होतो, आणि पंखा विमानासारखा आवाज करू लागतो. महिन्यातून एकदा वीज काढून, डबा उघडून, मऊ ब्रशने साफ करणे हे आमच्या घरातले ठरलेले काम आहे. वायरी प्लॅस्टिकच्या नळीत घातल्या आहेत, कारण लहान असताना ती चावत असे. डब्याशेजारी जुनी उशी ठेवल्यापासून जाळी बरीच मोकळी राहते.

कीबोर्डवर चालणाऱ्या मांजरांचा प्रश्न आमच्यापुरता नाही. अमेरिकेत ख्रिस निस्वँडर यांनी 'पॉसेन्स' नावाचे सॉफ्टवेअर केले होते. कळा माणसाने दाबल्या की मांजराने, हे ते ओळखायचे आणि मांजर असेल तर कीबोर्ड बंद करायचे. २००० साली त्यांना त्यासाठी इग नोबेल हा विनोदी पुरस्कार मिळाला. आम्ही उठताना कंट्रोल-ऑल्ट-एल दाबून पडदा कुलूपबंद करतो, तेवढ्याने भागते. एकदा प्रश्नपत्रिका अर्धी झालेली असताना वीज गेली आणि त्याच अंधारात शक्कर कीबोर्डवरून पलीकडे गेली. लिबरऑफिसने वीज आल्यावर फाइल परत दिली, शेवटच्या काही ओळी तेवढ्या पुन्हा लिहिल्या. प्रणालीत मोठा बदल करायचा तर लिनक्स पासवर्ड मागते. तो शक्करला माहीत नाही.

मुलांना लिनक्सची गोडी लागली ती मात्र मांजरामुळेच. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून काम करण्याची लिनक्समध्ये सोय आहे, आणि त्यातली एक अगदी जुनी आज्ञा आहे 'कॅट'. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्येही ती होती. तिचा मांजराशी संबंध नाही. एकापुढे एक जोडणे या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप आहे. फाइलचे नाव देऊन 'कॅट' लिहिले की मजकूर पडद्यावर येतो. तेच उलटे, 'टॅक' लिहिले की शेवटची ओळ आधी येते. धाकटीने तेराचा पाढा एका फाइलमध्ये लिहिला आणि 'टॅक'ने उलटा काढून पाठ केला. आणखी एक 'ओनेको' नावाची गंमत आहे. ती चालू केली की पडद्यावर छोटे मांजर माऊसच्या बाणामागे धावते, बाण थांबला की जांभई देऊन झोपते. खरी शक्कर पडद्यावरच्या मांजरावर पंजा मारते तेव्हा घरात अभ्यास होत नाही.

फुकट आलेल्या मांजराचा खर्चही लिहून ठेवतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस दरवर्षी, शिवाय मांजरांच्या नेहमीच्या आजारांची लस. शक्करची नसबंदी करून घेतली, कारण मांजरीला जेमतेम दोन महिन्यांत पिल्ले होतात आणि प्रत्येक पिल्लाला घर मिळत नाही. तिला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. माणसाला साधी वाटणारी ती गोळी मांजराचा जीव घेते. दूधही मोठ्या मांजराला बहुधा पचत नाही, त्यापेक्षा उकडलेली मासळी बिनमिठाची द्यावी. घरात गर्भवती स्त्री असेल तर मांजराची घाण दुसऱ्या कोणी साफ करावी. आणि चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा, मांजर घरचे असले तरी.

लिनक्सच्या खर्चाची वही वेगळी नाही, पण खर्च आहेच. दर आठवड्याला दुरुस्त्या उतरवून घ्यायच्या. मोठ्या बदलाआधी 'टाइमशिफ्ट'ने प्रणालीची प्रत काढायची, म्हणजे काही बिघडले तर कालच्या स्थितीत परत जाता येते. मुलांच्या फायलींची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर. आणि वर्षातून एकदा मिंटच्या मंडळींना थोडे पैसे. ते मागत नाहीत, पण संकेतस्थळावर देण्याची सोय आहे. क्रॅकचे वाचलेले पाचशे रुपये आम्ही पहिल्या वर्षी तिकडे दिले. ही कल्पना मोठ्या मुलाची.

ऑक्टोबरनंतर मोहल्ल्यातल्या तीन घरांचे जुने लॅपटॉप आम्ही मिंटवर नेले. एका घरी मुलाच्या क्लासचे सॉफ्टवेअर चालेना, तेव्हा त्यांनी विंडोजचा परवाना विकत घेतला. चोरटी प्रत घेतली नाही, म्हणून ते आम्हाला आवडलेच. बाकी दोघांचे ठीक चालले आहे. मदरशाच्या कचेरीतल्या संगणकाबद्दलही विचारणा आली आहे, तिथे उर्दूचे काम जास्त असल्याने आधी फाँट आणि प्रिंटर तपासणार आहोत.

रविवारी जुहरनंतर आम्ही घरी असतो. कोणाला आपला जुना संगणक दाखवायचा असेल तर जरूर यावे. आधी आपल्या फायलींची प्रत काढून ठेवावी आणि आठ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह बरोबर आणावा. खुर्चीवर शक्कर असेल तर दुसरी खुर्ची घ्यावी.